एक जुलै न लिहिणारा माणूस

मास्साबांविषयी लिहिण्यापूर्वी त्यांचा आणि माझा संबंध स्पष्ट केलेला बरा. मी त्यांचा तक्रारदार होतो. त्यांच्याविरुद्ध मी शाळेच्या प्रबंध समितीकडे लिहिले, शिक्षण खात्याकडे लिहिले, एकदा थेट लखनौलाही लिहिले, आणि प्रत्येक तक्रारीची एक प्रत रीतसर त्यांनाही पाठवली. ते प्रत्येक पत्राला त्याच दिवशी उत्तर देत. उत्तर जुन्या प्रश्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर असे, आणि आमच्या घरांमध्ये दोनच गल्ल्यांचे अंतर असूनही ते इलाइट चौराह्यापर्यंत चालत जाऊन पोस्टाच्या पेटीत टाकलेले असे. जाताना माझे दार वाटेवरच लागे. एकदा मी ओट्यावर उभा असताना ते हातात पाकीट घेऊन समोरून गेले. मी म्हटले, "माझंच आहे ना? द्या इकडे." ते म्हणाले, "पत्राला उत्तर पोस्टानंच जायला हवं, पेशकार. हातात दिलं तर ती चिठ्ठी होते." तिसऱ्या दिवशी ते पाकीट मला पोस्टमनने दिले.

पेशकार म्हणजे मी. जिल्हा न्यायालयात न्यायाधीशांच्या आसनाखाली टेबल टाकून बसायचे, फायली पुढे सरकवायच्या आणि पक्षकारांना पुढची तारीख द्यायची, हे माझे आयुष्यभराचे काम. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी झाशीत मला अजून त्याच नावाने हाक मारतात. आणि मास्साब म्हणजे पहिलीपासून बारावीपर्यंतच्या एका अनुदानित शाळेचे प्रधानाचार्य. बुंदेलखंडात मास्तरसाहेबांचे मास्साब होतात. पण माणूस प्रधानाचार्य झाला की लोक आपण होऊन 'प्रिंसिपल साहब' म्हणू लागतात. ह्यांना कोणी तसे म्हटले तर ते मागे वळून पाहत, जणू त्यांच्या पाठीमागे दुसरेच कोणी उभे आहे.

त्यांना प्रधानाचार्याची खोली होती. तिच्यात नकाशे आणि मोडके बाक ठेवलेले असत. ते स्वतः व्हरांड्यात, पाण्याच्या माठांशेजारी टेबल टाकून बसत. "खोलीत बसलं की लोक प्रिंसिपलला भेटायला येतात," ते म्हणत. "इथं बसलं की पाणी प्यायला येतात, आणि जाता जाता खरं सांगून जातात." बारा महिने पायांत चप्पल आणि चपलेत मोजे. सहावीला अंकगणिताचा रोजचा एक तास ते स्वतः घेत. एखादे शिक्षक उशिरा आले तर त्यांना एक शब्दही बोलत नसत, त्यांच्या वर्गावर जाऊन शिकवायला लागत, आणि शिक्षक धापा टाकत दारात आले की हातातला खडू त्यांच्या हातात देऊन म्हणत, "घ्या, गरम आहे." त्या खडूला माणसे मेमोपेक्षा जास्त भीत.

परंतु त्यांचा खरा विक्षिप्तपणा वेगळाच होता. त्यासाठी मला आमच्या भागातल्या एका जुन्या रीतीबद्दल सांगावे लागेल.

शाळा पूर्वी जुलैत सुरू होत. खेड्यापाड्यांतून, वस्त्यांमधून आईबाप मूल शाळेत घालायला येत. जन्मतारीख विचारली की ते एकमेकांकडे बघत. मग मास्तर मुलाकडे एक नजर टाकून अंदाजाने वर्ष ठरवी आणि तारीख लिही, एक जुलै. रजिस्टरात ती एकदा चढली की दहावीच्या प्रमाणपत्रावर तीच, नोकरीत तीच, निवृत्तीला तीच. आमच्या जिल्ह्यात एक जुलैला जन्मलेल्या माणसांची गर्दी पाहून परक्याला वाटावे की उरलेले वर्षभर इथल्या सुइणी रिकाम्याच बसत असाव्यात.

मास्साब एक जुलै लिहीत नसत. प्रवेशाच्या दिवसांत ते टेबल निंबाच्या झाडाखाली नेत. टेबलावर लाल फडक्यात बांधलेली जुनी पंचांगे असत, दोन्ही तऱ्हांची. कारण आम्हा मराठी लोकांचा महिना अमावास्येला संपतो आणि इथल्या लोकांचा पौर्णिमेला. एकच खुर्ची असे. तिच्यावर ते मुलाच्या आईला बसवीत आणि स्वतः स्टुलावर बसत. बाप उभा.

"जौ मोड़ा कबै भओ तो, अम्मा?" मुलगा कधी झाला, एवढाच प्रश्न.

"अब का जाने मास्साब. लिख दो पैली जुलाई. का फरक पड़त?"

"फरक पड़त है, अम्मा. बैठो. गेहूँ कट गए थे?"

"गेहूँ तो खड़े हते."

"महुआ टपकन लगो तो?"

अशी ती तपासणी चाले. कधी तासभर, कधी दोन तास. गव्हापासून मोहापर्यंत, मोहापासून एखाद्या नणंदेच्या लग्नापर्यंत, लग्नापासून तिथीपर्यंत आणि तिथीवरून तारखेपर्यंत. रांग झाडापासून फाटकापर्यंत जाई. कार्यालयाचे बडे बाबू कपाळाला हात लावून बसत. पण उठताना त्या बाईच्या चेहऱ्यावर जे दिसे ते मी पाहिलेले आहे. तिच्या बाळंतपणाची चौकशी सरकारदरबारी कोणीतरी प्रथमच केलेली असे.

हे वेड त्यांना कसे लागले, ते त्यांनी मला एकदाच सांगितले. नवे सहायक शिक्षक असताना त्यांनीही एका सकाळी अख्ख्या वर्गाच्या तारखा एक जुलै लिहिल्या होत्या. "अर्ध्या मोहल्ल्याचा जन्म मी एका बैठकीत उरकला," ते म्हणाले. बऱ्याच वर्षांनी त्यांतला एक जण पोलीसभरतीचा अर्ज घेऊन आला. रजिस्टरातल्या तारखेने तो काही दिवसांच्या फरकाने वयाबाहेर गेला होता. "मास्साब, मी तर दिवाळीचा," एवढेच तो म्हणाला. मास्साबांनी खात्याकडे खेटे घातले. तारीख बदलली नाही. तो आता मानिक चौकात दुसऱ्याच्या दुकानात कापड मोजतो. त्या दुकानावरून जाताना मास्साब चप्पल काढून हातात घेत. का, ते मी विचारले नाही.

माझी पहिली तक्रार ह्याच तारखेच्या वेडातून निघाली. मुलीला पहिलीत घालायचे होते. मी स्टँपपेपरवर रीतसर प्रतिज्ञापत्र करून नेले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले.

"आपण प्रसूतीच्या वेळी खोलीत होतात?"

"काय बोलताय तुम्ही?"

"मग आपल्याला तारीख कुणी सांगितली?"

"घरच्यांनी."

"म्हणजे ऐकीव. आपल्या कोर्टात चालेल का, पेशकारसाहेब? वडिलांना फक्त बातमी कळते. आई तिथं हजर असते. आईला घेऊन या."

घरी येऊन मी चार पानांचे पत्र लिहिले. कौटुंबिक नात्यासंबंधीच्या विधानांना ऐकीव पुराव्याच्या नियमातून काही अपवाद आहेत, हे त्यांना कलमांसह कळवले. उत्तर आले: "अपवाद मान्य. परंतु साक्षीदार जिवंत असून दोन गल्ल्यांवर राहतो." शेवटी पत्नीला घेऊन जावे लागले. ती खुर्चीवर बसली, मी उभा राहिलो.

"संध्याकाळी झाली," ती म्हणाली. "दिवेलागणीला. हे कोर्टातून आले ते बाहेरच चबुतऱ्यावर बोलत बसले. मुलगी झाली म्हणून सासूबाई रात्रभर बाहेर येऊन काही बोलल्याच नाहीत. ह्यांना सकाळी कळलं. ह्यांनी सकाळची तारीख लिहिली."

मी म्हटले, "तू मला इतकी वर्षं सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत. दर वर्षी एक दिवस उशिरा पेढे आणता. म्हटलं, आणू देत."

म्हणजे सत्यप्रतिज्ञेवर मी खोटे लिहून दिले होते, तेही न्यायालयाचा नोकर असून. मास्साब हसले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवतो. त्यांनी खरी तारीख लिहिली, शाई वाळू दिली आणि रजिस्टर मिटून म्हणाले, "ही नोंद शाळेची नाही, मुलीची आहे. आपण राखणदार." त्यानंतर मी त्यांच्याविरुद्ध अधिक जोमाने लिहू लागलो. मनुष्यस्वभाव.

पुढे खात्याने त्यांना इतर शाळांच्या प्रमुखांना मार्गदर्शन करायला बोलावले. विषय होता शालेय नेतृत्व. आमच्या मुलीचे एक शिक्षक तिथे होते, त्यांनी मला हकीकत सांगितली. मास्साब व्यासपीठावर गेले आणि म्हणाले, ज्यांचा वाढदिवस एक जुलैला असतो त्यांनी कृपया उभे राहावे. निम्म्याहून अधिक सभागृह उभे राहिले. हशा पिकला. मग ते म्हणाले, "मी तर उभाच आहे," आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवले. पुन्हा हशा. त्यांचे भाषण तेवढेच. त्यांना परत कोणी बोलावले नाही, पण ती गोष्ट ते पुढे कित्येक वर्षे हसत सांगत. आपली स्वतःची तारीख खोटी आहे हे त्यांना ठाऊक होते. खरी कोणती, हे त्यांनी कधी कोणाला विचारले नव्हते. आई ते शिकत असतानाच गेली. शेकडो आयांना त्यांनी विचारले, आणि आपल्या आईला विचारायचे राहून गेले.

आता मैदानाविषयी. शाळेच्या मागे, लक्ष्मी तालाच्या दिशेला, शाळेचे मोठे मैदान होते. शाळेचे प्रबंधक, म्हणजे प्रबंध समितीचे सर्वेसर्वा, बांधकामाच्या धंद्यातले गृहस्थ. मैदान एका मॅरेज गार्डनला भाडेपट्ट्याने द्यावे असे त्यांच्या मनात होते. त्यासाठी मैदान शाळेच्या वापरात नाही, असा प्रधानाचार्यांचा दाखला लागत होता. ती फाइल मास्साबांनी तीनदा एकाच शेऱ्यासह परत केली: "मैदान वापरात आहे. आज सकाळी मी स्वतः त्यावर होतो." मैदानाची सरकारदप्तरी क्रीडांगण म्हणून कायमची नोंद व्हावी, असा अर्ज मी दाखल केला होता. ह्या एका बाबतीत आम्ही दोघे एका बाजूला होतो. त्या अर्जाचा निकाल यायला अजून वर्षभर लागेल असा माझा अंदाज होता, आणि अशा बाबतीतले माझे अंदाज सहसा चुकत नाहीत. मास्साब निवृत्त व्हायला नियमाने त्याहून अधिक अवधी होता. सगळे काही बसत होते.

त्या हिवाळ्यातल्या समितीच्या बैठकीला पालक प्रतिनिधी म्हणून मी हजर होतो. माझी नात तेव्हा तिथे चौथीत होती. बैठक संपता संपता प्रबंधकांनी सहज म्हटल्यासारखे म्हटले, "मास्साब, हमारे पोते की उमर छह महीने कम करवा दीजिए. खेल वाली अकादमी में उमर देखते हैं."

"रजिस्टर में काट-छाँट नहीं होती, भाईसाहब."

"आप ही का लिखा हुआ तो है."

"लिखा मेरा है. बोला आपकी बहू का है. दो घंटे बैठी थीं बेचारी."

प्रबंधक हसले. रागावले असते तर पुढचे सगळे टळले असते. ते हसत म्हणाले, "और आपकी तारीख किसने बोली थी? पहली जुलाई. सारे शहर की माँओं से पूछते फिरते हो मास्साब, अपनी किससे पूछी?"

सगळे हसले. मास्साबही हसायला लागले, त्या सभागृहातल्यासारखे; आणि मध्येच थांबले. मी त्यांच्या समोर बसलो होतो. मोठ्या बेरजेत हातचा राहून गेल्याचे फळ्यापुढे उभ्या असलेल्या माणसाच्या ध्यानात यावे, तसा त्यांचा चेहरा झाला.

रविवारी सकाळी ते माझ्या दारात. इतक्या वर्षांत प्रथमच, पत्राशिवाय.

"पेशकार, उलटतपासणी करता येते ना?"

"ऐकून ऐकून येते."

"मग चला. एक साक्षीदार आहे."

मानिक चौकामागच्या गल्लीत त्यांची थोरली बहीण राहत असे. तिला सगळे अक्का म्हणत. मास्साबांहून अकरा वर्षांनी मोठी. ती ओसरीत मेथी निवडत होती. मास्साब जमिनीवर बसले आणि त्यांनी विचारले, "अक्का, मी कधी झालो?"

"कशाला? पत्रिका जुळवायची आहे का आता?"

"सांग तर."

"होळीच्या दुजेला. सकाळी."

कोणती तारीख निघाली तर काय होईल, ह्याचा हिशेब मी वाटेतच केला होता. शाळेचे सत्र मार्चअखेर संपते. सत्र चालू असताना शिक्षकाचे निवृत्तीचे वय झाले, तर त्याला ते सत्र पूर्ण करू देतात. जन्म एक जुलैचा धरला, तर मास्साबांना त्या मार्चनंतरचे आणखी एक पूर्ण सत्र मिळत होते. जन्म होळीचा, म्हणजे मार्चमधला धरला, तर येता मार्च हाच शेवट. चार महिन्यांच्या फरकाने सबंध एक वर्ष जात होते, आणि वर्षाबरोबर मैदान. मी कामाला लागलो.

"अक्का, साठ वर्षांपूर्वीची गोष्ट. तुम्ही तेव्हा लहान होतात. दिवाळीनंतरची भाऊबीज नसेल कशावरून? मराठी घरात दूज म्हणजे तीच."

"दिवाळीत रंग खेळतात का, पेशकार?"

"रंगाचा काय संबंध?"

"आपल्या झाशीत परेवेला, धुळवडीच्या दिवशी, रंग नसतो, दुजेला असतो. मी आदल्या रात्री टेसूची, पळसाची फुलं भिजत घातली होती. सकाळी पितळेची पिचकारी भरून दारात उभी राहिले, आणि आतून आईनं हाक मारली. पाणी तापव, काकूला बोलाव, फडताळातलं जुनं लुगडं काढ. गल्लीतल्या सगळ्या पोरी रंगल्या, मी कोरडी. सुईण बाहेर येऊन म्हणाली, 'बिन्ना, दूज पे भैया मिल गओ.' मी रडले." तिने मेथीची काडी मास्साबांच्या दिशेने टाकली. "ह्याच्यासाठी."

"वर्षात चूक होऊ शकते," मी म्हटले.

"त्या वर्षी मी पाचवीत होते. माझी पाचवीची गुणपत्रिका ट्रंकेत आहे. काढू?" मग ती माझ्याकडे वळली. "तुम्ही होतात का तिथं?"

मास्साब उठले. त्यांनी अक्काच्या पायांवर डोके ठेवले आणि म्हणाले, "मग आजवर सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस का? तुला वेळ कुठला. तू लोकांच्या बायकांना विचारत होतास."

परतताना मी त्यांना कायदा सांगितला. दहावीच्या प्रमाणपत्रावरची जन्मतारीख अंतिम असते. सेवेच्या शेवटी ती कोणाच्या फायद्यासाठी बदलत नाही आणि कोणाच्या तोट्यासाठीही बदलत नाही. त्यांनी तरीही खात्याकडे अर्ज केला. खात्याचे उत्तर शब्दशः माझ्या म्हणण्यासारखे आले: अभिलेखातील तारीख ग्राह्य. ते उत्तर त्यांनी मला दाखवले तेव्हा मला वाटले, संपले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मार्चअखेरच्या स्वेच्छानिवृत्तीची नोटीस दिली.

मी व्हरांड्यात गेलो. माठांजवळ उभा राहून जे बोललो ते सगळ्या शाळेने ऐकले असेल.

"कायदा तुमच्या बाजूला आहे. खातं तुमच्या बाजूला आहे. तुम्हाला जा म्हणणारा एक माणूस दाखवा."

"कुणीच नाही," ते म्हणाले. "म्हणून तर अवघड आहे."

"एक वर्ष. एका वर्षात मैदान दप्तरी चढेल. मग खुशाल जा."

"पेशकार, त्या बायांना मी दोन-दोन तास बसवलं. रोजंदारी बुडवून बसल्या. 'का फरक पड़त' म्हणाल्या की मी त्यांना म्हणायचो, पडतो. आता मीच एक जुलैच्या जोरावर ह्या टेबलाशी बसलो, तर त्या बरोबर होत्या. मग मी त्यांना कशाला बसवलं?"

"त्यांना कळणारही नाही."

"अक्काला कळेल."

घरी जाऊन मी माझ्या आयुष्यातले सर्वांत कठोर पत्र लिहिले. आपला खरेपणा ही आपली चैन आहे, आणि तिची भरपाई मुले करतील. आपण नोंदींचे राखणदार आहात, मैदानाचेही होतात. एकाची राखण करताना दुसरे सोडून देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? असे बरेच. त्यातले एकही वाक्य मी आज मागे घेत नाही.

तिसऱ्या दिवशी पोस्टाने उत्तर आले. सहावीच्या अंकगणिताच्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर. "आपले पत्र मिळाले. आपण लिहिता ते कायद्याने बरोबर आहे. मैदान माझ्यामुळे जाईल. ही चूक माझ्या नावे नोंदवावी, ही विनंती."

मार्चअखेर ते गेले. निरोपसमारंभ त्यांनी करू दिला नाही. सहावीचा तास घेतला आणि खडू पुढच्या शिक्षकांच्या हातात दिला. त्यांच्या जागी आलेल्या प्रभारी प्रधानाचार्यांनी पावसाळ्याच्या आत मैदान वापरात नसल्याचा दाखला दिला. माझा अर्ज, जागेचा वापर बदललेला असल्यामुळे, निकाली निघाला. आता तिथे लोखंडी कमान आहे, वर्षभर दिव्यांच्या माळा आहेत, आणि शाळेची मुले व्हरांड्यात रांगेने उभी राहून हात वर-खाली करतात. माझी नात त्याच व्हरांड्यात कवायत करून मोठी झाली. मी अजूनही लिहितो. उत्तरे येत नाहीत. पूर्वी निदान एक माणूस त्याच दिवशी उत्तर देत असे.

मास्साबांना मात्र मी त्यानंतर पत्र लिहिले नाही. कित्येक वर्षे लिहिले नाही. त्यांना मूलबाळ नव्हते, पत्नी आधीच गेलेली. ते अक्काकडे राहायला गेले. रस्त्यात दिसले तर मी मान हलवी, ते हात जोडत. एकदा म्हणाले, "पेशकार, पत्र नाही बऱ्याच दिवसांत." मी म्हटले, "तक्रार नाही." ते हात जोडून निघून गेले. त्यांच्या पायांत चप्पल, चपलेत मोजे. मोज्याला टाचेशी भोक होते.

ह्या माघात ते गेले. अक्का आता ब्याऐंशीच्या पुढे. कागदपत्रांचे काम साहजिकच माझ्याकडे आले. त्यांच्या ट्रंकेत माझी सगळी पत्रे सुतळीने बांधलेली सापडली. प्रत्येकावर कोपऱ्यात, मिळाल्याची तारीख आणि उत्तर दिल्याची तारीख. शेवटच्या पत्राखाली जुन्या प्रश्नपत्रिकांचे पुष्कळसे पाठकोरे कागद जुळवून ठेवलेले होते.

त्यांनी विनंती केली होती, म्हणून येथे नोंदवतो: मैदान मास्साबांमुळे गेले. ही नोंद खरी आहे आणि ती करणारा तेव्हा हजर होता.

मृत्यूचा दाखला काढायला मी नोंदणीच्या खिडकीशी गेलो. अर्जात मृताच्या जन्मतारखेचा रकाना होता. आयुष्यभर मी लोकांना तारखा दिल्या, एकदाही हात थांबला नव्हता; तो तिथे थांबला. कायदा मला ठाऊक होता. मीच तो त्यांना सांगितला होता. मी दुजेची तारीख लिहिली.

खिडकीतल्या बाबूंनी अर्ज आणि आधार कार्ड शेजारी शेजारी धरले. "बाबूजी, ये मेल नहीं खा रहा. आधार में पहली जुलाई है."

"वो ग़लत है."

"होगी. दसवीं के सर्टिफिकेट में?"

"उसमें भी वही."

"तो नियम से वही चढ़ेगी." माणूस भला होता. त्याने आवाज खाली आणला. "कर देत हैं न पैली जुलाई. अब तो वे चले गए. अब का फरक पड़त, बाबूजी?"

तो जे म्हणत होता ते नियमाने बरोबर होते. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटले असते, कदाचित इतक्या नरमाईने नाही. माझ्या मागे रांग होती आणि रांगेतला कोणीतरी घड्याळ पाहत होता. गुडघे दुखत होते. घरी जावेसे वाटत होते.

"फरक पड़त है, भैया," मी म्हणालो. "गवाह बाहर रिक्शा में बैठी हैं. उनके लिए एक कुर्सी मँगवा दीजिए. मैं खड़ा हूँ."